गुंदचं वाघनख

शांता खानापुरात पोचली तेव्हा तिच्या पायांत वहाणा नव्हत्या. विठ्ठलराव देसूरकरांच्या ओसरीवर ती चढली, बसा म्हटलं तरी बसली नाही. खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली,

"माझा नवरा आवसंपतोर जिता हाय. फुडचं मला ठावं न्हाई."

विठ्ठलरावांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. पोलिसातली नोकरी सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती. पण घरफोडी झाली, माणूस बेपत्ता झालं, की त्या मुलखातली माणसं सरकारी चौकीच्या आधी त्यांच्या ओसरीवर येत. शेजारी त्यांचा मेहुणा वासू बसला होता. लाकडाच्या वखारीत कारकून असलेला वासू सवड मिळाली की दाजींच्या मागे हिंडे. त्याला तपासाची भारी हौस होती. तपास त्याला जमत नसे, ही गोष्ट वेगळी.

"आधी पाणी प्या, बाई. नवरा कोण तुमचा? आणि त्याला धरलंय कुणी?"

तिचा नवरा नागू. जगलबेटचा सोनार, पण पाटल्या-गोठ घडवणारा नव्हे. तांब्याचे ताईत, कवड्या, काळ्या मण्यांच्या मनगट्या, चांदीत बसवलेली वाघनखं, असला जिवाला राखणारा माल तो घडवी आणि पेटी डोक्यावर घेऊन जत्रेजत्रेत विके. यंदा उळवीच्या जत्रेला जाताना नवरा-बायको वाटेत गुंदला थांबली होती. तिथं तुळजा नावाच्या विधवेनं आपल्या लेकीसाठी, बाळीसाठी, वाघनख घेतलं. जत्रा आटोपून ही दोघं परत गुंदच्या वेशीत शिरली, तर गाव काठ्या घेऊन उभं.

"आदल्याच दिवशी वाघानं पोर नेली हुती, सायेब. वढ्याकाठी रगतानं भरल्याला परकर गावला, आन ते वाघनख. गाव म्हनलं, सोनारानं खोटं नख दिलं, म्हनून पोर गेली. लई मारलं. गावकराच्या गोठ्यात बांधून घातलाय त्येला."

"आणि अमावास्येला काय?"

शांतानं खांब घट्ट धरला. मग ती एकदम बोलून गेली, "वढ्याकाठी झाडाला बांधनार. वाघानं सोडला तर सोनार खरा, न्हाई तर खोटा."

"काय सांगता काय!" वासू उठून उभा राहिला. "एकोणीसशे बारा साल चाललंय. इंग्रजाचं राज्य आहे!"

"राज्य हितं हाय, दादा. तितं रान हाय."

वाटेतल्या चौकीत ती गेली होती. फौजदार फिरतीवर होता, तो कधी येईल ते शिपायाला माहीत नव्हतं. अमावास्या परवावर आली होती.

विठ्ठलरावांनी पगडी उचलली. "वासू, लोंढ्याची गाडी अजून मिळेल. चल."

लोंढ्याला ते रेल्वेतून उतरले आणि बैलगाडी सुरू झाली. सागवानाची पानगळ झालेली, चाकाखाली पानं कागदासारखी वाजत होती. शांता गाडीच्या दांडीला धरून पुढे बघत बसली होती. जणू नजरेनंच बैल ओढत होती.

"नागू माल विकताना काय बोलतो?" विठ्ठलरावांनी मध्येच विचारलं.

"त्येचं काय आता?"

"सांगा तरी."

शांता सांगू लागली. "म्हनतो, मानसानं कापड मागनं नेसलं, ताईत आदी बांधला. भात पेरायला शिकायच्या आदी, घर बांधायच्या आदी, मारल्या जनावराचा दात दोऱ्यात ववून पोराच्या गळ्यात घातला. मग बापाची गोष्ट सांगतो. सासऱ्याला गुंदच्या रानात उभ्या दगडांखाली एक मडकं घावलं हुतं. कवाच्या काळातलं द्येव जाने. त्यात ल्हान पोराची हाडं, आन गळ्यापाशी भोक पाडल्याली कवडी आन तांबडं मनी. नागू म्हनतो, 'ते गाव न्हाई ऱ्हायलं, ती भाषा न्हाई ऱ्हायली, पन आईनं बांधल्याली कवडी ऱ्हायली.' हितपतोर आला की बाया डोळं पुसत्यात, आन माल घेत्यात."

वासू पुढे सरकला. "खरी गोष्ट आहे?"

"खरी हाय. सासऱ्यानं ते समदं पुन्यांदा पुरून टाकलं. पोराचं हाय म्हनला."

"मडक्यात आणखी काही होतं?" विठ्ठलरावांनी विचारलं.

शांतानं त्यांच्याकडे रागानं पाहिलं. "तुमीबी त्येच इचारता? बाया रडत्यात आन बापय ह्येच इचारत्यात. गुंदचा गावकर तर दोनदा इचारून गेला. काय न्हवतं वो. पोर हुतं."

अमावास्येच्या सकाळी गाडी गुंदला पोचली. गाव म्हणजे झाडीत विखुरलेली दहा-बारा घरं, मधे देवीचं कौलारू देऊळ, आणि सगळ्यांत मोठं घर लखू गावकराचं.

लखू उंच, शांत आवाजाचा माणूस होता. त्यानं पाहुण्यांना गूळपाणी दिलं, बसायला घोंगडं टाकलं.

"तुमी मोठी मानसं. जेवा आन सांजच्या आत माघारी फिरा. गावाचा न्याव गाव करील."

"न्याय करा. मी फक्त बघायला आलोय," विठ्ठलराव म्हणाले. "वाघानं टाकलेल्या वस्तू दाखवाल?"

गावकरानं थोडा विचार केला आणि देवळातून एक गाठोडं आणवलं. आत लहान मुलीचा परकर होता. उभा फाटलेला, रक्त वाळून कडक झालेला. घडीत मऊ पांढरं काहीतरी चिकटलं होतं. विठ्ठलरावांनी ते चिमटीनं सोडवून वासूच्या तळहातावर ठेवलं.

"सावरीचा कापूस," वासू म्हणाला. "रानभर उडतो."

"सावरीची बोंडं अजून फुटलेली नाहीत. जपून ठेव."

परकराखाली ते वाघनख होतं. चांदीच्या टोपणात बसवलेलं एक काळपट नख, टोपणाच्या बाजूला उचकटून उघडी पडलेली बारीक कडी, आणि मेण लावलेला काळा दोरा. दोऱ्याची गाठ जशीच्या तशी होती. गाठीपासून लांब एका जागी दोरा तुटला होता. विठ्ठलरावांनी दोन्ही टोकं डोळ्यांजवळ नेली, बोटावर घासली. मग सगळं पुन्हा बांधून परत दिलं.

"आता सोनाराला भेटतो."

गोठ्यात अंधार होता. नागू भिंतीला पाठ लावून पडला होता. अंगात ताप, ओठ फुटलेले. उजवा हात त्यानं छातीशी धरला होता. बोटं ठेचून काळीनिळी झाली होती. शांता त्याच्यापाशी बसली आणि त्या हाताकडे बघतच राहिली. सोनाराचा तो हात होता. ती रडली नाही. पदर पाण्यात भिजवून त्याच्या तोंडावर फिरवू लागली.

"नागू," विठ्ठलराव हळू म्हणाले, "नख खरं होतं?"

नागूनं बायकोकडं पाहिलं, मग मान खाली घातली. "म्हशीच्या शिंगाचं. खरी नखं कुटनं आनू इतकी? निम्मा माल शिंगाचाच आसतोय, सायेब."

वासूनं कपाळाला हात लावला. शांताचा पदर नागूच्या तोंडावरच थांबला.

"दोरा?"

"दोरा खरा! चार पदरी, मेन घातल्याला. बैल बांधा त्येला. पोरं वढत्यात म्हनून दोऱ्यात मी लबाडी करत न्हाई. गाठबी अशी की डोक्यावरनं काढता येत न्हाई, सोडवताबी येत न्हाई."

"तुळजानं काय घेतलं, आठवतं?"

"आठवतंय की. सुटं नख दाखवलं तर नगं म्हनली. जोडनख घेतलं. दोन नखं पाटीला पाट लावून, मधी कडी. म्हनली, 'बाप न्हाई तिला. एकानं भागायचं न्हाई.'"

"आणि गावकर? तो येऊन काय विचारतो?"

नागूच्या डोळ्यांत भीती उभी राहिली. "बोटं त्येनंच ठेचली. रोज एकच इचारनं. बापाला मडकं घावलं ते दगूड कंचं? रानात तसलं दगूड चार ठिकानी हायती. मी म्हनतो, मी तवा जलमलोबी न्हवतो. त्येला पटत न्हाई."

बाहेर आल्यावर वासू कुजबुजला, "दाजी, नख खोटं निघालं. आता आपण कोणत्या तोंडानं भांडायचं?"

"नख खोटं आहे. दोरा खरा आहे," विठ्ठलराव म्हणाले आणि चालू लागले.

बाळीचा चुलता परशू आपल्या अंगणात बसून कोयतीला धार लावत होता. पाहुणे बघून त्यानं घाईनं हात धोतराला पुसले. तरी नखांत ओली तांबडी माती राहिलीच होती. शेतं तर केव्हाची वाळून भेगाळली होती.

"तुळजा माज्या भावाची बायकू. भाव तापानं गेला दोन सालामागं. मीच बगतो त्यास्नी," तो म्हणाला.

"पोरगी कशी होती?"

"लई गुनाची. पायाळू हुती, पायाकडनं जलमल्याली. कुनाची उसन भरली की समदं गाव हिच्याकडं याचं. कमरेवर एक लाथ मारायची आन खुदूखुदू हासायची." हे सांगताना त्याचा स्वर ओला झाला, आणि तो पुन्हा हात धोतराला पुसू लागला.

"दुखवट्याला सगळे आले असतील."

"आलं की. गाव आलं."

"तुळजाच्या माहेरचं?"

"माहेरचं कोन उरलंय? थोरली भन हाय, फुला, कुंभारवाड्याला. सांगावा धाडला. न्हाई आली."

"कुंभारवाडा लांब आहे?"

"कुटला लांब? सकाळी निगालं तर न्याहरीला तितं."

परशूनं पुन्हा कोयती दगडावर धरली.

तुळजाची झोपडी गावाच्या टोकाला होती. अंगणात एक डालगं पालथं घातलेलं. त्याखाली कोंबडीची पिल्लं चिवचिवत होती, आई नसल्यासारखी एकमेकांत घुसत होती. दारात तुळजा बसली होती. वय पंचविशीचं, पण डोळे खोल गेलेले. शांता पाहुण्यांच्या मागून येऊन कुंपणापाशीच थांबली.

"बाई, त्या दिवशी काय झालं?" विठ्ठलराव उकिडवे बसले.

"वढ्यावर धुनं धूत हुते. मागं वळले तर पोर न्हाई."

"ओरडली नाही?"

"न्हाई."

"वाघ बघितला?"

"न्हाई."

तिची उत्तरं पाठ केल्यासारखी येत होती. विठ्ठलराव वेगळ्याच आवाजात म्हणाले, "लहान होती. भित्री होती का?"

"अंधाराला लई भेती," तुळजा म्हणाली. "दिव्याबिगर डोळा लावत न्हाई." आणि तिनं पदर तोंडाशी धरला.

मग तिनं मान खाली घालून विचारलं, "सोनाराला खरंच बांदनार व्हय?"

कुंपणापासून शांता तीरासारखी पुढे आली. "मला इचार की! त्येची बोटं बगून ये! तुजी पोर वाघानं नेली, माजा दादला तू न्हेतीयास! एक सबुद बोल गावाला, की मला न्हाई पायजे ह्यो न्याव. आईचा सबुद गाव ऐकंल!"

तुळजा भिंतीसारखी बसून राहिली. शांतानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं तरी ती हलली नाही. शेवटी वासूनं शांताला धरून उठवलं.

दुपार कलली. विठ्ठलरावांनी एका गुराख्याला उभ्या दगडांची वाट विचारली आणि वासूला घेऊन रानात शिरले. तीन ठिकाणी नुसती करवंदीची जाळी होती. चौथ्या ठिकाणी, माणसाएवढ्या दगडांच्या गोल रिंगणात, ताजा खड्डा होता. कडेला तांबड्या मातीचा ओला ढीग. पलीकडे पानांखाली झाकलेलं सूप. सुपात हळदकुंकू, लिंबं, काजळाची वाटी, नवंकोरं पिवळं परकराचं कापड आणि हिरव्या बांगड्या. वासूनं बांगडी उचलली. ती त्याच्या तीन बोटांत अडकली.

"कसली तरी पूजा दिसते," तो म्हणाला.

"हो. पूजा आजची आहे." विठ्ठलरावांचा चेहरा वासूनं असा कधी पाहिला नव्हता. "सूप उचल. आणि पाय उचल, ऊन उतरायला लागलंय."

त्यांनी शांताला गोठ्यातून बोलावून घेतलं आणि तिघंही तुळजाच्या झोपडीत शिरली. विठ्ठलरावांनी दार लोटून घेतलं. देवळाकडून ढोलाचे पहिले ठोके ऐकू येऊ लागले होते.

"बाई," ते तुळजाला म्हणाले, "तुमची बाळी जिवंत आहे. ती कुंभारवाड्याला फुलाच्या घरी आहे."

तुळजा ताडकन उठली.

"दाजी!" वासू म्हणाला. "परकर, रक्त..."

"रक्त कोंबडीचं आहे. तू कापूस म्हणालास ते पीस आहे, कोंबडीच्या पोटाखालचं. आणि या अंगणात पिल्लं आहेत, कोंबडी नाही. पिल्लं असलेली कोंबडी कुणी खायला कापत नाही. पण घरात दुसरी नसेल, आणि रक्त आत्ताच्या आत्ता हवं असेल, तर?"

तुळजा हळूहळू खाली बसली.

"दोरा बैलालाही तुटत नाही. वाघानं ओढला असता तर त्याचे पदर पिंजले असते, किंवा गाठ आवळली असती. गाठ जशी बांधली तशी आहे. दोरा एका जागी सपाट कापलाय, कोयतीनं. म्हणजे ते गळ्यातून माणसानं काढलं. इतकं कळल्यावर वाघ संपला. पण मग कुणीतरी पोर पळवली, असंही म्हणता आलं असतं. तिथं मला तुम्हीच सापडलात."

"मी?" तुळजाचा आवाज घोगरा झाला.

"तुम्ही जोडनख घेतलं होतं. ओढ्याकाठी एकच सापडलं. मधली कडी उचकटलेली, चाकूच्या टोकानं, जपून. पळवणारा माणूस नख मोडून अर्धं कशाला नेईल? चोर असता तर दोन्ही नेली असती. नुसतंच फसवायचं असतं तर दोन्ही टाकली असती. एक टाकायचं आणि एक पोरीच्या गळ्यात ठेवायचं, हे एकच माणूस करील. गावाला दाखवायला नख तर हवं, पण पोर रानातून चाललीय, तिला राखणीशिवाय कशी धाडू? असं जिच्या मनात आलं, ती."

तुळजानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तुमची सख्खी बहीण एवढ्या जवळ असून दुखवट्याला आली नाही. का? तिला घर सोडता येत नव्हतं. आणि मघाशी तुम्ही म्हणालात, अंधाराला भेती, दिव्याशिवाय डोळा लावत नाही. गेलेल्या लेकराबद्दल आई असं बोलत नाही."

"पण आईनं आपल्याच पोरीला मेली म्हणून का सांगावं?" वासू म्हणाला.

विठ्ठलरावांनी त्याच्या हातातलं सूप घेऊन जमिनीवर ठेवलं. पिवळं कापड आणि चिमुकल्या बांगड्या बघून तुळजाच्या घशातून एक आवाज निघाला, तो कुणाला ऐकवला नाही.

"नागूची गोष्ट," विठ्ठलराव शांताकडे वळून म्हणाले. "तुमच्या नवऱ्यानं गोष्ट सांगितली कवडीची, आणि लखू गावकरानं ऐकली पुरलेल्या धनाची. धन कुठं आहे ते सांगायला नागू परत येईपर्यंत थांबायचं नव्हतं. जमिनीतलं धन पायाळू माणसाला दिसतं म्हणतात, डोळ्यांत अंजन घातलं की. गावात पायाळू एकच होती. चुलता कबूल झाला. त्याच्या नखांत त्याच खड्ड्याची माती आहे. मुहूर्त अमावास्येचा, आजचा. पण पोर वाघानं नेली आणि यांच्या हाती उरला नागू. म्हणून वाघाचा न्याय करणारा माणूस कैद्याला वाघाबद्दल एक शब्द विचारत नाही. विचारतो, दगड कुठले."

"नुसतं अंजन घालनार असतं तर दिली असती म्या," तुळजा बोलू लागली, आणि मग थांबेचना. "कुडामागनं ऐकलं. दीर म्हनला, 'धन दावल्यावर पोरीला माघारी आनू नव्हं?' गावकर म्हनला, 'धनाच्या राखनदाराला काय दिशील मग?' दीर काय बोलला न्हाई. काय बोलला न्हाई वो! माज्या ताटात जेवतो त्यो. मी कुनाकडं जाऊ? गावकर तोच, न्याव त्योच करनार. वाघाकडनं कोन पोर मागून घेत न्हाई, म्हनून वाघाला दिली. सोनार माघारी येईल आन त्येच्यावर पडंल, ह्ये माज्या ध्यानातबी न्हवतं, अक्का!"

ती 'अक्का' शांताला होती. शांता दाराला पाठ लावून उभी होती. तिचे डोळे कोरडे होते.

"ध्यानात न्हवतं," ती म्हणाली. "आन मघाशी मी पाय धरलं, तवा?"

ढोल जोरात वाजू लागला.

"मी खड्ड्याचं सांगू शकतो," विठ्ठलराव म्हणाले. "पण पोर वाघानं नेली असं गाव मानतंय, तोवर नागूला सोडणार नाही. आणि पोर जिवंत आहे हे मी सांगितलं तर ते माझं सांगणं झालं, परक्याचं. गावकर आधी माणसं कुंभारवाड्याला पळवील. बोलायचं की नाही, ते तुमच्या हातात आहे. मी जबरदस्ती करणार नाही."

वासूला वाटलं, दाजींनी हे बोलायला नको होतं. बाई गप्प बसली तर? तो शांताकडे बघेना आणि तुळजाकडेही.

तुळजानं त्या बांगड्यांकडे पाहिलं. मग सूप उचललं आणि दार उघडलं.

देवळापुढे सगळं गाव जमलं होतं. नागूला दोघांनी धरून आणलं होतं. त्याचे पाय जमिनीवर ओढत होते. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला होता. तुळजा गर्दीतून थेट मधे गेली आणि ढोलवाल्याच्या पुढ्यात उभी राहिली. ढोल थांबला.

"सोडा त्येला," ती म्हणाली. "माजी पोर वाघानं न्हेली न्हाई. म्याच लपीवली. जिती हाय ती."

गर्दी पुढे सरकली.

"दुक्कानं येडी झाली बाय," लखू शांतपणे म्हणाला. "घरी न्या तिला."

"वेडी नाही," विठ्ठलराव पुढे झाले. "बाई, सूप दाखवा. लोकहो, हे रानातल्या उभ्या दगडांपाशी मिळालं, ताज्या खड्ड्याच्या कडेला. हळदकुंकू आहे, काजळ आहे. आणि ह्या बांगड्या. हातात घेऊन बघा, कुणाच्या लेकीच्या मापाच्या आहेत."

सूप हातोहात फिरू लागलं. एका म्हातारीनं बांगडी उचलली, आपल्या नातीच्या मनगटाशी धरली, आणि विस्तव हाती आल्यासारखी टाकून दिली. बायकांनी आपापली पोरं पोटाशी ओढली.

"आज आवस," विठ्ठलराव म्हणाले. "गाव ओढ्याकाठी नागूकडे बघत बसणार होतं. दगडांकडे जायला कुणी मोकळं राहू नये, म्हणूनही हा न्याय आजचाच ठरला. पायाळू पोरीचा बळी देऊन धन काढायचं, म्हणून हे सूप आधीच नेऊन ठेवलेलं; पोर नसली तरी खड्डा आज पुढं खणायचा होताच. परशू, तुझ्या हातांची माती दाखव."

परशूनं हात मागे नेले. मग तो मटकन खाली बसला आणि कपाळ जमिनीवर आपटू लागला. "वैनी, मी न्हाई म्हनायला पायजे हुतं. मी न्हाई म्हनायला पायजे हुतं." त्याला दुसरं काही बोलताच येईना.

लखू गावकर वळून घराकडे निघाला. त्याला कुणी अडवलं नाही, कुणी वाटही दिली नाही. माणसं फक्त जागची हलली नाहीत, आणि त्या गप्प माणसांच्या भिंतीपुढे त्याचे पाय थांबले. नागूला धरणाऱ्या दोघांनी नागूला सोडून आता लखूचे दंड धरले. फौजदार येईपर्यंत तो त्याच्याच माडीत गावाच्या पहाऱ्यात राहिला.

सकाळी फुला बाळीला कडेवर घेऊन आली. तुळजानं लेकीला इतकं घट्ट धरलं की पोर कुरकुरली. पण अंगणात गाव आलं नाही. माणसं लांबून बघत होती. ज्यांनी निरपराध माणसाला मारलं त्यांना तुळजाचं तोंड बघवत नव्हतं, आणि तिला त्यांचं. परशूच्या घराचं दार बंद होतं. त्या घराच्या जमिनीवर तिची झोपडी उभी होती.

फुला विठ्ठलरावांना म्हणाली, "माज्याकडं किती दिस ठिवू? माजा दादला गावकराचं कूळ हाय."

गाडी जुंपून तयार होती. नागू पेंढ्यावर निजला होता. वासूनं त्याच्या हाताला कामट्या बांधल्या होत्या. ताप उतरला होता. बोटं मात्र पुन्हा वळणार नाहीत, हे सगळ्यांना दिसत होतं. शांता त्याच्या उशाशी बसली होती. तुळजा लेकीला घेऊन गाडीपाशी आली. काही मागायला नव्हे. नुसती उभी राहिली, चाकाला हात लावून.

"अक्का, मला काय बी म्हन," ती म्हणाली.

शांतानं तिच्याकडे पाहिलं नाही. "म्हनायला लई हाय. समदं आयुष्य पुरंल." मग ती बोलली, "भाता वढायला मानूस लागंल आता. ह्येचा हात ग्येला. मी तुला माफ केलं न्हाई, ध्यानात ठिव. पर पोर घिऊन तू हितं ऱ्हानार हायस व्हय?"

तुळजा जागची हलेना. गाडीवान बैलांना चुचकारू लागला.

"चढ म्हनते न्हवं!" शांता ओरडली आणि तोंड फिरवून बसल्या जागी बाजूला सरकली.